वाचकांचे प्रश्न : कोड्यांच्या खेळातून नाट्यगृहापर्यंत

प्रश्न : आम्ही पुण्यात अभियांत्रिकी शिकणारे काही विद्यार्थी असून एका हौशी नाट्यसंस्थेतही काम करतो. आमच्या वयाच्या मुलामुलींना नाटक पाहण्याची गोडी लागावी म्हणून मोबाइलवरचा कोड्यांचा खेळ तयार करण्याचे आम्ही ठरवले आहे. मराठी रंगभूमीच्या इतिहासावर प्रश्न विचारायचे, बरोबर उत्तरांना गुण द्यायचे आणि पुरेसे गुण जमले की नाटकाच्या तिकिटात सवलत मिळवून द्यायची, असा आराखडा आहे. काही मित्रांकडून खेळ खेळून घेतला तेव्हा त्यांनी हौसेने गुण मिळवले, परंतु नाटकाला त्यांच्यापैकी कोणीही आले नाही. आराखड्यात काय बदलावे? — वाचक, पुणे

उत्तर : आपल्या आराखड्यात कोडे आणि नाटक यांना जोडणारा दुवा फक्त सवलतीचा आहे, आणि तो दुवा फार कच्चा आहे. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ सादर केले, १८८० साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ रंगमंचावर आले, ही माहिती मोलाची आहे. परंतु ती पाठ असलेल्या मुलाला आज संध्याकाळी बालगंधर्व रंगमंदिरात जाऊन बसावे असे वाटण्याचे त्यात काहीच कारण नाही. त्याने प्रश्नमंजूषा जिंकली आणि तेथेच त्याचे काम संपले. सवलतीविषयी तर मी आपल्याला सावध करू इच्छितो. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, मुळातच चित्रे काढायला आवडणाऱ्या बालवाडीतील काही मुलांना चित्र काढल्यास प्रशस्तिपत्र मिळेल असे आधी सांगण्यात आले होते, आणि पुढे मोकळ्या वेळात हीच मुले इतरांपेक्षा कमी चित्रे काढू लागली. ज्यांना आधी काही न सांगता अचानक बक्षीस दिले गेले, त्यांच्या आवडीवर मात्र असा परिणाम झाला नाही. म्हणून सवलत द्यायचीच असेल तर ती आधी जाहीर करू नये. मुलगा तिकीट काढायला निघाला की त्याच्या हाती अनपेक्षितपणे पडावी.

तरुण नाटकाला येत नाहीत हे विधान मुळात अर्धेच खरे आहे. १९६३ पासून महाराष्ट्रीय कलोपासक संस्था घेत असलेल्या पुरुषोत्तम करंडक या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेच्या वेळी भरत नाट्य मंदिरात जाऊन पाहावे. सभागृह महाविद्यालयीन मुलांनी भरलेले असते आणि त्यांचे लक्ष रंगमंचावर खिळलेले असते. यामागे आपल्या महाविद्यालयाविषयीचा अभिमान आहेच, पण त्याहून महत्त्वाचे कारण मला असे वाटते की त्या मुलांना समोरची गोष्ट कशी उभी राहिली हे ठाऊक असते. कोणी महिनाभर तालमी पाहिलेल्या असतात, कोणी लेव्हल, म्हणजे रंगमंचावर मांडायचे लाकडी चौथरे, उचललेल्या असतात, कोणाला अमुक एका वाक्यावर दिवा नेमका पडतो की नाही याची धाकधूक असते. ज्याने एकदा प्रकाशयोजनेच्या टेबलाशी बसून काम केले आहे, तो पुढे कोणतेही नाटक वेगळ्या नजरेने पाहतो. कोड्यांच्या खेळाने हीच नजर, एकांकिकेत कधीही काम न केलेल्या मुलाला द्यावी. म्हणजे कोडी नाटकांविषयीची नसावीत, नाटक करणाऱ्यांपुढे जे पेच उभे राहतात त्यांचीच ती असावीत.

एक उदाहरण सविस्तर देतो, कारण ते आपल्याला जसेच्या तसे वापरता येईल. एका काल्पनिक नाटकाचे तीन प्रवेश आहेत. पहिल्या प्रवेशात आजोबा, भाचा आणि पोस्टमन रंगमंचावर असतात. दुसऱ्यात आजोबा, वकील आणि शेजारी. तिसऱ्यात भाचा, वकील आणि इन्स्पेक्टर. भूमिका सहा आहेत, परंतु दौऱ्यावर नेण्यासाठी संस्थेकडे माणसे कमी आहेत, तेव्हा कमीत कमी किती नटांत हा प्रयोग होईल? थोडा विचार केला तर तो तीन नटांत होतो, आणि तोही एकाच प्रकारे : आजोबा आणि इन्स्पेक्टर एकाकडे, भाचा आणि शेजारी दुसऱ्याकडे, पोस्टमन आणि वकील तिसऱ्याकडे. खेळणारा या उत्तरावर खूश होतो न होतो तोच खेळाने एक नवी अट घालावी, की वेश आणि रंगभूषा बदलण्यासाठी नटाला मध्ये एक संपूर्ण प्रवेश मोकळा मिळालाच पाहिजे. त्यासरशी आधीची सगळी जुळणी मोडते. आता केवळ पोस्टमन आणि इन्स्पेक्टर या दोनच भूमिका एका नटाला देता येतात आणि संस्थेला पाच माणसे लागतात. या दोन उत्तरांमधले अंतर हेच त्या कोड्याचे शिक्षण आहे, कारण रंगमंचावर नसलेला नट त्या वेळी कोठे असतो आणि काय करत असतो, हा विचार खेळणाऱ्याच्या मनात आयुष्यात पहिल्यांदा येतो.

हा पेच केवळ कागदावरचा नाही. आचार्य अत्रे यांच्या ‘तो मी नव्हेच’ या १९६२ साली रंगमंचावर आलेल्या नाटकात प्रभाकर पणशीकर एकाच प्रयोगात पाच रूपे घेत असत. त्यासाठी फिरता रंगमंच वापरलेला असल्यामुळे स्थळ झपाट्याने बदलत असे आणि नटाच्या हाती रूप बदलायला मोजकाच अवधी उरत असे. वरचे कोडे सोडवलेल्या मुलाला ही हकीकत सांगून पाहावी. इतिहासाच्या ज्या ओळी प्रश्नमंजूषेत कोरड्या वाटतात, त्या येथे त्याच्या स्वतःच्या अडचणीचे उत्तर म्हणून येतात. इतिहासाला खेळात जागा द्यायची ती अशी, कोडे सुटल्यानंतर.

याच धर्तीवर काळोखाचे कोडे रचता येईल. दोन प्रवेशांमधल्या काळोखात दिवाणखान्याचा रेल्वे फलाट करायचा आहे, सोफा फक्त डाव्या विंगेतून, म्हणजे रंगमंचाच्या बाजूच्या आडोशातून, बाहेर जातो, दाराचा फ्लॅट, म्हणजे दार रंगवलेली चौकट, हलल्याशिवाय बाकडे आत येत नाही, आणि बॅकस्टेजला माणसे दोनच आहेत. तर कोणी काय कोणत्या क्रमाने उचलावे? प्रकाशाचे कोडे त्याहून सोपे पण डोळ्यांना सुखावणारे होईल : मोजके दिवे दिलेले आहेत, तिघांचे चेहरे उजळायचे आहेत आणि चौथा माणूस अंधारातच राहिला पाहिजे. १९७२ सालच्या ‘घाशीराम कोतवाल’च्या प्रयोगात नटांच्या रांगेचाच पडदा केलेला होता, त्यावरून नेपथ्याचे एकही सामान न वापरता केवळ माणसांच्या रांगेतून स्थळे उभी करण्याचे कोडे सुचू शकते. अशी कोडी सोडवलेला मुलगा नाट्यगृहात काळोख झाला की मोबाइल चाळत नाही. विंगेतून कोण आले, काय हलले, हे तो टिपू पाहतो.

तरीही एक गोष्ट खेळाने स्वतःकडे ठेवू नये, आणि ती म्हणजे नाटकाचा अनुभव. ज्या चालू नाटकासाठी आपण खेळ करत असाल, त्याचा शेवट, त्यातील रहस्य, त्यातील सर्वांत उत्कट प्रसंग यांना हात लावू नये. लंडनमध्ये १९५२ पासून चालू असलेल्या ‘द माउसट्रॅप’ या अगाथा ख्रिस्ती यांच्या नाटकानंतर खुनी कोण हे बाहेर सांगू नये अशी विनंती प्रेक्षकांना केली जाते, आणि ती परंपरा प्रेक्षकांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली आहे. उत्तर न फोडता उत्तर मिळाल्याचा आनंद इतरांना दाखवता येणे, ही युक्ती ‘वर्डल’ या शब्दखेळानेही फार चांगली वापरली : २०२१ च्या अखेरीस तो जगभर पसरला, तो रंगीत चौकोनांच्या ओळींमुळे, ज्यांत कोणी कितव्या प्रयत्नात शब्द ओळखला एवढेच दिसत असे आणि शब्द मात्र दिसत नसे. आपल्या खेळातही मित्राला पाठवता येईल अशी एखादी खूण असावी, आणि त्या खुणेचा अर्थ नाटक पाहिल्याशिवाय लागू नये.

शेवटचा मुद्दा सोबतीचा. अनेक मुले नाटकाला जात नाहीत याचे साधे कारण असे की कोणाबरोबर जावे हे त्यांना समजत नाही, आणि प्लॅन कधी उघडतो (म्हणजे आगाऊ तिकीटविक्री कधी सुरू होते), तिकीटबारीवर काय विचारावे, कोणत्या रांगेतून कसे दिसते, प्रयोग किती वेळ चालतो, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. म्हणून खेळाचे अंतिम कोडे एकट्याला सुटणार नाही असे रचावे : चौघांकडे चार तुकडे असावेत, ते जुळले की त्यातून एक तारीख, एक नाट्यगृह आणि शेजारशेजारच्या चार खुर्च्या निघाव्यात. त्यानंतर खेळ यशस्वी झाला की नाही हे किती जणांनी तो उतरवून घेतला यावरून ठरवू नये. जो मुलगा दुसऱ्यांदा, खेळाने न सांगता, दुसरेच एखादे नाटक पाहायला गेला, त्याच्यापासून मोजणी सुरू करावी.

प्रश्न : मी सांगलीच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवते. माझ्या वर्गातील सर्वांकडे चांगले मोबाइल नाहीत आणि वर्गात मोबाइल वापरू देण्याचीही माझी इच्छा नाही. कागदावर खेळता येईल असा खेळ तयार करता येईल का, आणि त्यात जुन्या नाटकांतील उतारे वापरण्यास कायद्याची अडचण आहे का? — वाचक, सांगली

उत्तर : कागदावरचा खेळ मला मोबाइलपेक्षाही आशादायक वाटतो, कारण त्यात मुले एकमेकांशी बोलतात. चार-चार विद्यार्थ्यांचे गट करावेत आणि प्रत्येकाला एक भूमिका द्यावी : दिग्दर्शक, नेपथ्यकार, प्रकाशयोजक आणि व्यवस्थापक. चौघांच्या पाकिटांत वेगवेगळे कागद असावेत, म्हणजे दिग्दर्शकाकडे संहितेचा प्रवेश, नेपथ्यकाराकडे रंगमंचाचा वरून काढलेला आराखडा, प्रकाशयोजकाकडे दिव्यांची यादी आणि व्यवस्थापकाकडे पैशांचा व वाहतुकीचा हिशेब. आपला कागद दुसऱ्याला दाखवायचा नाही, फक्त बोलून सांगायचा, एवढ्या एका नियमाने वर्गाची तालीम होते. आपण सांगलीत आहात हे आपले भाग्यच आहे. भाव्यांच्या नावाचे नाट्यमंदिर आपल्या गावात आहे, आणि तेथील व्यवस्थापनाने परवानगी दिल्यास रंगमंचाची मापे विद्यार्थ्यांनी स्वतः टेपने घेऊन तो आराखडा काढावा. रिकाम्या रंगमंचावर उभे राहून प्रेक्षागृहाकडे पाहिलेला विद्यार्थी त्या वास्तूला परका राहत नाही.

दुसरे पाकीट बंद ठेवावे आणि नाटक पाहून आल्यावरच उघडावे. त्यातील प्रश्न स्मरणशक्तीची परीक्षा घेणारे नसावेत. दुसऱ्या अंकातील शालीचा रंग कोणता होता, असे विचारले तर मुले नाटक सोडून वस्तू मोजत बसतील. त्याऐवजी, कोणते पात्र बोलत नसतानाही आपले लक्ष त्याच्याकडे गेले आणि ते कशामुळे, असा प्रश्न गटाने एकमताने सोडवायचा ठेवावा. नेपथ्याविषयी काही विचारायचे झाल्यास संस्थेशी आधी बोलून घ्यावे, कारण दौऱ्यावर निघालेल्या नाटकाचे नेपथ्य त्या त्या रंगमंचाच्या मापाप्रमाणे कमी-जास्त करावे लागते आणि मुंबईत दिसलेली खिडकी सांगलीत दिसेलच असे नाही.

कायद्याचे उत्तर थोडक्यात देतो. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे त्याच्या साहित्यावर हक्क राहतो. गोविंद बल्लाळ देवल १९१६ साली, राम गणेश गडकरी १९१९ साली आणि कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर १९४८ साली निवर्तले, त्यामुळे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या संहिता आता सर्वांना खुल्या आहेत. देवलांच्या ‘शारदा’तील एखादा प्रवेश आपण निःशंकपणे छापून वाटू शकता. विजय तेंडुलकर २००८ साली गेले, तेव्हा त्यांच्या नाटकांसाठी हक्कधारकांची परवानगी लागेल. जुन्या नाटकाच्या नव्या प्रयोगाची छायाचित्रे आणि ध्वनिमुद्रणे यांचे हक्क मात्र वेगळे असतात, ते विसरू नये.

प्रश्न : मी ठाण्यात संगणकप्रणाली लिहिण्याचे काम करतो. नाटकांच्या परिभाषेवर आधारित शब्दकोडे तयार करताना मराठी अक्षरे चौकटीत नीट बसत नाहीत. जोडाक्षरे तुटतात, काना-मात्रा वेगळ्या चौकटीत जातात. काय करावे? — वाचक, ठाणे

उत्तर : संगणक अक्षर मोजतो तेव्हा तो मराठी माणूस मोजतो तसे मोजत नाही. ‘रंगभूमी’ हा शब्द आपल्याला चार अक्षरांचा दिसतो, परंतु युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात सर्व लिप्या साठवण्याच्या मानक पद्धतीत, तो सात चिन्हांनी बनलेला आहे. ‘नाट्य’ दोन अक्षरांचा असून त्याची चिन्हे पाच होतात. म्हणून शब्दाचे तुकडे चिन्हांवरून न करता अक्षरांवरून करावेत. व्यंजन, त्यानंतर हलन्त चिन्ह आणि पुढचे व्यंजन असे आले तर ती साखळी न तोडता पुढे न्यावी, मग स्वरचिन्ह, अनुस्वार किंवा विसर्ग जे काही असेल ते त्याच चौकटीत घ्यावे, असा नियम स्वतः लिहिणे कठीण नाही. तयार सुविधा वापरणार असाल तर ‘क्षि’, ‘ट्य’, ‘र्‍या’ अशा जोडण्या देऊन ती आधी तपासावी, कारण जोडाक्षर अखंड ठेवण्याचा नियम युनिकोडच्या मानकात २०२३ साली आला आणि जुन्या प्रणालींत तो नाही. गोडो या मुक्त खेळ-प्रणालीतही देवनागरीची जुळणी २०२३ च्या चौथ्या आवृत्तीपासूनच नीट होऊ लागली. त्याआधीच्या आवृत्तीत काम चालू असेल तर ते नव्या आवृत्तीत हलवणे हेच शहाणपणाचे ठरेल.

शब्दकोड्याच्या रचनेतही एक अडचण आहे. आडव्या आणि उभ्या शब्दांच्या छेदावर ‘ती’ला ‘ती’च लागते, ‘त’ चालत नाही, त्यामुळे दाट जाळे विणणे मराठीत अवघड जाते. जाळे विरळ ठेवावे आणि नाटकाच्या व्यवहारातील लहान शब्द, म्हणजे विंग, नांदी, घंटा, अंक, प्रयोग, तालीम, नटी यांना सांधे म्हणून वापरावे. हे शब्द ओळखीचे झाले की नाटकाविषयी बोलताना मुलांना बुजल्यासारखे होत नाही, आणि शब्दकोड्याकडून याहून अधिक अपेक्षा ठेवू नये.

प्रश्न : दादरच्या नाट्यगृहात मी तरुणपणापासून नाटके पाहत आलो आहे. भर प्रयोगात वाजणाऱ्या आणि उजळणाऱ्या मोबाइलनी आधीच उच्छाद मांडला आहे. त्यात आपण मोबाइलवरचे खेळ घेऊन तरुणांना नाट्यगृहात बोलावणार, हे मला पटत नाही. — वाचक, मुंबई

उत्तर : आपला आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे, आणि खेळ रचणाऱ्या प्रत्येकाने तो पहिल्या दिवशीच विचारात घ्यावा असे वाटते. अंधाऱ्या प्रेक्षागृहात उजळलेला एक पडदा मागच्या कित्येक रांगांना दिसतो आणि रंगमंचावरच्या नटालाही दिसतो. म्हणून प्रयोग चालू असताना उघडावा लागेल असा कोणताही खेळ मी सुचवणार नाही. तिसरी घंटा होताच खेळ स्वतःहून बंद व्हावा आणि पडदा पडेपर्यंत उघडूच नये. प्रयोगाच्या वेळा आधीच ठरलेल्या असल्यामुळे हे करणे सोपे आहे. हजेरीचा पुरावा म्हणून रंगमंचाचे छायाचित्र मागणे तर सर्वथा अयोग्य आहे. तिकिटाची खूण प्रवेशद्वाराबाहेर एकदा तपासली की पुरे. माझ्या मते मध्यंतरातही खेळ नसावा. मध्यंतरात बटाटावडा खाता खाता पहिल्या अंकाविषयी वाद घालणे ही आपल्याकडची जुनी आणि चांगली सवय आहे, आणि ती नव्या प्रेक्षकांना लागायला हवी. प्रयोगाआधी खेळाने जो प्रश्न मनात पेरला असेल, त्याचे उत्तर शोधण्यासाठी डोळे रंगमंचावर ठेवणे भाग पडेल, असा तो प्रश्न असला की मोबाइल खिशातच राहण्याचा संभव वाढतो.

प्रश्न : आमच्या फोंडा तालुक्यात जत्रेच्या निमित्ताने देवळाच्या प्रांगणात गावातीलच मंडळी मराठी नाटके करतात. तिकीट नसते, नाट्यगृह नसते. तरीही अलीकडे तरुण पहिल्या अंकानंतर उठून जातात. असा खेळ आमच्या उपयोगाचा आहे का? — वाचक, फोंडा, गोवा

उत्तर : आपल्या गावाजवळ जे आहे ते शहरांतील अनेक संस्थांना हेवा वाटावा असे आहे, कारण तेथे नट आणि प्रेक्षक एकमेकांना ओळखतात आणि रंगमंच उभा होताना सगळे गाव पाहते. तेथे तरुणांना नाटकापर्यंत आणण्याची गरज नाही, त्यांना शेवटपर्यंत बसवण्याची आहे. म्हणून खेळ जत्रेच्या आधी काही आठवडे, तालमी चालू असतानाच सुरू करावा. गावात पूर्वी कोणती नाटके झाली, कोणी कोणती भूमिका केली, पडदे कोणी रंगवले, पेट्रोमॅक्सच्या उजेडात प्रयोग कसे होत, हे वडीलधाऱ्यांकडून विचारून आणल्याशिवाय सुटणार नाहीत अशी कोडी मुलांना द्यावीत. त्यांची उत्तरे कोणत्याही पुस्तकात किंवा इंटरनेटवर सापडणार नाहीत, घरोघरी जाऊनच विचारावी लागतील. कोड्यांचा शेवटचा दुवा यंदाच्या नाटकाच्या शेवटच्या अंकात ठेवावा, उदाहरणार्थ एखाद्या जुन्या नटाच्या घरून मागून आणलेली वस्तू त्या अंकात रंगमंचावर येईल आणि ती कोणाची हे मुलांनी ओळखायचे, असे दिग्दर्शकाशी बोलून ठरवता येईल. ज्यांनी सर्वांत अधिक माहिती गोळा केली असेल त्यांना पुढच्या वर्षी बॅकस्टेजचे काम द्यावे, आणि त्यांनी जमवलेली माहिती वहीत नीट उतरवून देवस्थानाच्या समितीकडे सांभाळायला द्यावी.